क्रेस्त्यानिन : एका शब्दाचा सातबारा



 आज एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द रशियन आहे, क्रेस्त्यानिन. अर्थ शेतकरी. एका शब्दावर अर्धा-पाऊण तास काय बोलणार, असं वाटेल. पण शेतजमिनीचा सातबारा काढला की जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, कुणाचा बोजा चढला, कुणाचं नाव कमी झालं, ते सगळं दिसतं. या शब्दाचंही तसंच आहे.

सुरुवात माझ्या ओळखीच्या मुलखातून करतो, म्हणजे फौजेपासून.

जानेवारी १९१८ मध्ये लेनिनच्या सरकारने नवं सैन्य उभारण्याचा हुकूम काढला. आपण त्याला लाल सेना म्हणतो. पूर्ण सरकारी नाव होतं 'कामगार-शेतकऱ्यांची लाल सेना'. १९४६ पर्यंत हे नाव चाललं. आता गंमत पाहा. या नावात शेतकऱ्यासाठी जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ 'ख्रिस्ती माणूस' असा आहे. अक्षराला अक्षर लावलं, तर देव न मानणाऱ्या सरकारने आपल्या फौजेचं नाव ठेवलं होतं 'कामगार आणि ख्रिश्चन यांची लाल सेना'.

हा योगायोग कसा झाला? 'ख्रिस्ती' या शब्दाचा 'शेतकरी' कसा झाला? आणि त्या शेतकऱ्याचं पुढे काय झालं? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रशियात शेतकऱ्याला नाव नेहमी दुसऱ्या कुणीतरी दिलं, कधी राजाने, कधी मठाने, कधी जमीनदाराने, कधी पक्षाने. आणि नाव ज्याच्या हातात, त्याच्याच हातात त्या माणसाचं नशीब गेलं.

मी भाषेचा पंडित नाही. आमच्या काळातल्या फौजेत टी-७२ रणगाडे होते, बीएमपी गाड्या होत्या, आणि त्यांची मूळ पुस्तकं रशियनमध्ये. म्हणून काही अधिकाऱ्यांना रशियन शिकायला पाठवत. त्यात माझा नंबर लागला. शिकवणाऱ्या बाईंनी एकदा फळ्यावर दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले. ख्रिस्तिआनिन आणि क्रेस्त्यानिन. पहिल्याचा अर्थ ख्रिश्चन, दुसऱ्याचा शेतकरी. त्या एवढंच म्हणाल्या, "हे सख्खे भाऊ आहेत. एक चर्चमध्ये राहिला, एक शेतात गेला." रणगाड्याचे सुटे भाग आता आठवत नाहीत. हे वाक्य मात्र राहिलं.

तर मूळ शब्द एकच, ग्रीकमधून आलेला, ख्रिस्ताचा अनुयायी या अर्थाचा. रशियन बोलीत त्याचा उच्चार घासून घासून क्रेस्त्यानिन झाला. त्यात 'क्रेस्त' या शब्दाचाही हात लागला. क्रेस्त म्हणजे क्रूस. तोही अखेर ख्रिस्ताच्याच नावातून निघालेला. त्यामुळे लोकांच्या कानाला क्रेस्त्यानिन म्हणजे गळ्यात क्रूस घालणारा, असंही वाटत राहिलं. पुढे धर्माच्या भाषेने 'ख्रिस्तिआनिन' हे सोवळं रूप आपल्याकडे ठेवलं आणि बोलीतलं घासलेलं रूप नांगर धरणाऱ्याच्या वाट्याला आलं.

त्याआधी शेतकऱ्याला काय म्हणत? कीव्हच्या राजांच्या काळात, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकात, एक शब्द होता 'स्मेर्द'. त्या काळच्या 'रूस्काया प्रावदा' या कायद्याच्या संहितेत तो येतो. रशियन कानाला हा शब्द 'स्मेर्देत' या क्रियापदाजवळचा वाटतो, आणि स्मेर्देत म्हणजे दुर्गंधी येणे. पुढच्या काळात स्मेर्द ही सरळ शिवीच झाली. दुसरा शब्द होता 'सिरोता'. त्याचा अर्थ अनाथ, पोरका. हा शब्द फार काळ टिकला. सतराव्या शतकापर्यंत झारला अर्ज करायचा तर सही कशी करायची, याची रीत ठरलेली होती. सरदार-दरकदार लिहायचे, 'तुझा खोलोप', म्हणजे तुझा गुलाम. पाद्री लिहायचे, 'तुझ्यासाठी प्रार्थना करणारा'. आणि शेतकरी लिहायचा, 'तुझा सिरोता', तुझा पोरका. सरदाराने स्वतःला गुलाम म्हणायचं आणि शेतकऱ्याने अनाथ. अर्ज लिहिण्यापूर्वीच प्रत्येकाची जागा ठरलेली.

या सगळ्यांत 'ख्रिस्ती' हा शब्द कुठून शिरला?

कीव्हचा राजा व्लादिमीर याने ९८८ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर १२३७ ते १२४० या काळात मंगोलांच्या स्वाऱ्या झाल्या. रशियन राजे मंगोलांचे मांडलिक झाले, खंडणी भरू लागले. चौदाव्या शतकात उझबेग खानाच्या कारकिर्दीत मंगोलांच्या त्या राज्याने इस्लाम स्वीकारला. अशा वेळी 'आपण कोण' या प्रश्नाचं सगळ्यांत सोपं उत्तर होतं, 'आम्ही ख्रिस्ती'. खेड्यातल्या माणसाला दुसरी ओळख नव्हती. तो सरदार नव्हता, पाद्री नव्हता, व्यापारी नव्हता. तो आपला साधा माणूस, आपल्या धर्मातला. त्या काळी ख्रिस्ती म्हणजे जवळजवळ 'माणूस'च. आपल्याकडे 'चार माणसं बोलवा' म्हणतो, तेव्हा माणसं म्हणजे आपली माणसं, तसंच.

चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून हाच शब्द जमीन कसणाऱ्यांसाठी रूढ होऊ लागला. त्यात मठांचा वाटा मोठा. मठांकडे जमिनी होत्या, जमिनीवर माणसं होती, आणि कागदपत्रं लिहिणारे साधूच होते.

इथे एक उलटापालट सांगण्यासारखी आहे. लॅटिनमध्ये 'पागानुस' म्हणजे खेडूत. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म शहरांत आधी पसरला, खेडी जुन्या देवांना धरून राहिली. म्हणून पागानुसचा अर्थ झाला 'ख्रिस्ती नसलेला'. इंग्रजीतला 'पेगन' तोच. म्हणजे पश्चिमेत खेडूत या शब्दाचा अर्थ बिगरख्रिस्ती झाला आणि रशियात ख्रिस्ती या शब्दाचा अर्थ खेडूत झाला. आणखी पुढे, पागानुस हाच शब्द रशियनमध्येही गेला. त्याचं रूप झालं 'पोगानी'. मंगोलांना रशियन लोक पोगानी म्हणत. आज त्या शब्दाचा अर्थ घाणेरडा, ओंगळ असा आहे. रोममधला बिचारा खेडूत मॉस्कोला पोचला तेव्हा ओंगळ परका झालेला होता.

शेजाऱ्यांकडे मात्र असं झालं नाही. युक्रेनियन भाषेत शेतकरी म्हणजे 'सेल्यानिन', सेलो म्हणजे गाव, त्यावरून. बल्गेरियनमध्येही गावावरूनच शब्द आहे. पोलिशमध्ये 'ख्वोप', जो रशियन खोलोपचा, गुलामाचा, भाऊ. सगळे शेजारी ख्रिस्तीच. पण शेतकऱ्याला धर्माच्या नावाने हाक मारणं रशियनमध्येच ठाम बसलं.

आता कायद्याकडे येऊ. कायद्यात शब्द आला की त्याला वजन येतं.

१४९७ साली मॉस्कोचा राजा तिसरा इवान याने कायद्यांची संहिता काढली. त्यात एक कलम ख्रिस्ती लोकांच्या जमीन सोडून जाण्याबद्दल आहे. शब्द चक्क 'ख्रिस्ती' असाच आहे, अर्थ मात्र शेतकरी. कलम असं सांगतं की एका मालकाची जमीन सोडून दुसरीकडे जायचं तर वर्षातून एकदाच, शरद ऋतूतल्या संत युरीच्या दिवसाआधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा. जुन्या पंचांगाने हा दिवस २६ नोव्हेंबर. पिकं निघालेली, हिशेब झालेले. जाताना घराचं भाडं द्यायचं. माळरानाच्या भागात घरामागे एक रुबल, जंगलाच्या भागात अर्धा. म्हणजे बांधलेला, पण दोन आठवड्यांची फट असलेला.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती फटही बुजू लागली. काही वर्षांपुरती म्हणून बंदी आली आणि ती उठलीच नाही. रशियनमध्ये आजही एखाद्याची आशा फुकट गेली की 'घे आजी, हा तुझा युरीचा दिवस' अशा अर्थाची म्हण वापरतात. १६४९ साली झार अलेक्सेई याच्या काळात नवी संहिता झाली. तिचं अकरावं प्रकरण शेतकऱ्यांबद्दल आहे आणि तिथे शब्द 'क्रेस्त्याने' असा, आजच्या रूपात आहे. पळून गेलेला शेतकरी कितीही वर्षांनी सापडला तरी मालकाला परत करायचा, असं त्यात ठरलं. पूर्वी शोध घ्यायला काही वर्षांची मुदत असे. ती गेली. १४९७ च्या कायद्यात या माणसाला जायचा हक्क होता, १६४९ च्या कायद्यात उरला नाही. शब्द मात्र तोच राहिला. आणि विकणारा ख्रिस्ती, विकत घेणारा ख्रिस्ती, विकला जाणारा तर नावानेच ख्रिस्ती.

पुढे पीटर द ग्रेट आला. त्याला फौज हवी होती, आरमार हवं होतं, आणि दोन्हींसाठी पैसा. त्याने घरावरचा कर काढून डोक्यावर कर बसवला. रशियन त्याला डोकं म्हणत नाहीत, 'दुशा' म्हणतात, म्हणजे आत्मा. नोंदवहीत किती आत्मे, त्यावर कर. दोन नोंदण्यांच्या मधल्या काळात मेलेले आत्मेही कागदावर जिवंत राहत आणि त्यांचाही कर भरावा लागे. गोगोलच्या १८४२ च्या 'मृत आत्मे' या कादंबरीतला सगळा व्यवहार याच कागदी आत्म्यांचा आहे. धर्मातून दोन मोठे शब्द आले, ख्रिस्ती आणि आत्मा. दोन्ही महसूल खात्यात जमा झाले.

फौजेचं सांगतो. १७०५ साली पीटरने सक्तीची भरती सुरू केली, वीस घरांमागे एक जवान. नोकरी जन्मभराची. ती पंचवीस वर्षांवर आली १७९३ मध्ये. मुलगा भरतीला निघाला की गावात मयत झाल्यासारखी रडारड होई, कारण तो परत येईल अशी आशा फार थोड्यांना असे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. भरती झाल्या क्षणी तो जमीनदाराचा राहत नसे. म्हणजे वेठीतून सुटायचा एक हमखास मार्ग होता आणि तो होता पंचवीस वर्षांची शिपाईगिरी. मी फौजेत स्वखुशीने गेलो. त्या जवानांबद्दल वाचतो तेव्हा हा फरक मला कधी विसरता येत नाही.

याच काळात क्रेस्त्यानिन हा शब्द धर्मापासून पुरता सुटला. व्होल्गाकाठचे तातार मुसलमान होते. तेही सरकारदप्तरी 'सरकारी शेतकरी' या वर्गात लिहिले गेले, शब्द तोच, क्रेस्त्याने. नमाज पढणारा माणूस कागदावर 'ख्रिस्ती'. इतकंच काय, तो शेतीपासूनही सुटला. क्रेस्त्यानिन हा जन्माने मिळणारा दर्जा झाला. पीटर्सबर्गच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेला कामगारही कागदावर क्रेस्त्यानिनच असू शके. १८९७ च्या जनगणनेत रशियन साम्राज्याचे सुमारे ७७ टक्के लोक या दर्जात मोडले. चारांतले तीन. एवढ्या मोठ्या शब्दाचा मूळ अर्थ कोण आठवत बसणार?

या शब्दाचा एक धाकटा भाऊ आहे, 'मुझिक'. तो टॉलस्टॉय, चेखव वाचणाऱ्यांना माहीत असेल. मुझ म्हणजे पुरुष, मर्द. जुन्या काळी राजाच्या पदरी असलेल्या मानकऱ्यांना मुझ म्हणत. मुझिक म्हणजे छोटा मुझ. जणू पूर्ण पुरुषही नव्हे, अर्धामुर्धा. क्रेस्त्यानिन हा कागदावरचा शब्द, मुझिक तोंडातला. वाड्यातून हाक यायची ती 'ए मुझिक' अशी. चेखवचे आजोबा असेच बांधलेले शेतकरी होते. त्यांनी १८४१ मध्ये पैसे भरून कुटुंबाची सुटका करून घेतली. त्याच घरात जन्मलेल्या चेखवने १८९७ मध्ये 'मुझिक लोक' अशा नावाची कथा लिहिली.

आणि आज? आज रशियात 'खरा मुझिक' म्हणजे शाबासकी. शब्दाला जागणारा, कामाला मागे न हटणारा गडी. मी 'गडी' म्हणालो ते मुद्दाम. आपल्याकडे गडी म्हणजे शेतावरचा नोकर, आणि 'मर्द गडी' म्हणजे कौतुक. दोन्ही अर्थ एकाच शब्दात शेजारी नांदतात. मुझिक कळायला मराठी माणसाला दुसरा कोश नको.

इथे एका माणसाची ओळख करून देतो. तिमोफेई बोंदारेव. जन्माने बांधलेला शेतकरी. वयाची पस्तिशी उलटल्यावर, बायकामुलं असताना, जमीनदाराने त्याला फौजेत धाडलं. फौजेत असताना तो शनिवारचा सब्बाथ पाळणाऱ्या एका पंथात गेला. हा पंथ अधिकृत चर्चला अमान्य, म्हणून सायबेरियात हद्दपारी. म्हणजे पाहा, कागदावर क्रेस्त्यानिन, आणि शिक्षा झाली ती चर्चच्या मते पुरेसा ख्रिस्ती नाही म्हणून.

सायबेरियात शेती करता करता त्याने एक ग्रंथ लिहिला. प्रत्येक माणसाने, मग तो राजा का असेना, आपली भाकरी स्वतःच्या हाताने पिकवली पाहिजे, हा त्याचा मुद्दा. ग्रंथाचं नाव साधारण असं, 'कष्ट आणि ऐतखाऊपणा, अर्थात शेतकऱ्याचा विजय'. या नावात शेतकऱ्यासाठी त्याने क्रेस्त्यानिन वापरला नाही, मुझिकही नाही. त्याने लिहिलं 'झेम्लेदेलेत्स'. झेम्ल्या म्हणजे जमीन, आणि पुढचा भाग 'करणारा' अशा अर्थाचा. जमीन करणारा. आपला 'शेतकरी' हा शब्द अगदी याच घडणीचा आहे. ज्याला आयुष्यभर इतरांनी नावं दिली, त्याने स्वतःचं नाव आपल्या कामावरून घेतलं.

बोंदारेवचं हस्तलिखित टॉलस्टॉयच्या हाती पडलं. टॉलस्टॉय भारावून गेला, त्याने प्रस्तावना लिहिली, पत्रव्यवहार केला. टॉलस्टॉयकडून हा विचार गांधीजींपर्यंत आला. १९३० साली गांधीजी पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात होते. तिथून ते आश्रमवासीयांना दर आठवड्याला एकेका व्रतावर पत्र लिहीत. 'मंगलप्रभात' या नावाने ती पत्रं आपल्याला माहीत आहेत. त्यांतल्या शरीरश्रमाच्या व्रतावर लिहिताना गांधीजींनी या तत्त्वाचं श्रेय नाव घेऊन बोंदारेवला दिलं आहे. सायबेरियातल्या एका हद्दपार शेतकऱ्याचं नाव येरवड्यात लिहिलं गेलं.

आणि ते १९३० साल होतं. त्याच वर्षी रशियात काय चाललं होतं, तिकडे आता जाऊ.

आधी थोडं मागे. १८६१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याने शेतकऱ्यांना वेठीतून मुक्त केलं. जमीनदारांचे दोन कोटींहून अधिक शेतकरी मोकळे झाले. पण जमिनीची किंमत त्यांनी सरकारला एकोणपन्नास वर्षं हप्त्यांनी फेडायची होती. १९०५ च्या उठावानंतर ते हप्ते रद्द झाले. १९१७ च्या नोव्हेंबरमध्ये बोल्शेविकांनी जन्माचे सगळे दर्जे एका हुकमाने काढून टाकले. कागदावरचा क्रेस्त्यानिन संपला. आणि लगेच तोच शब्द सरकारच्या नावात जाऊन बसला. कामगार-शेतकऱ्यांचं सरकार, कामगार-शेतकऱ्यांची लाल सेना. शतकानुशतकं तळाला असलेला शब्द झेंड्यावर गेला.

त्याच सरकारच्या काळात 'बेझबोझनिक', म्हणजे 'निरीश्वर', नावाचं वर्तमानपत्र निघालं, आणि पुढच्याच वर्षी 'शेतकऱ्यांचं वर्तमानपत्र'ही निघालं, ज्याच्या नावात क्रेस्त होताच. भाषा अशीच असते. सोव्हिएत नागरिक आभार मानताना 'स्पासिबो' म्हणत राहिला, त्याचा मूळ अर्थ 'देव तुला तारो'. रविवारचं नावही 'पुनरुत्थान' हेच राहिलं. शब्दातला देव कुणी बाहेर काढला नाही, कारण तो आत आहे हेच लोक विसरले होते.

पण दुसरे शब्द फार जपून वापरले गेले. सरकारने शेतकऱ्यांचे तीन भाग केले. 'बेद्न्याक' म्हणजे गरीब, 'सेरेद्न्याक' म्हणजे मधला, आणि 'कुलाक'. कुलाक म्हणजे मूठ. मूळ गावठी अर्थ सावकार, धान्याचा दलाल, ज्याच्या मुठीत गाव आहे असा माणूस. हा शब्द गावकऱ्यांचाच होता आणि ते तो विचार करून वापरत. कुलाक कोण हे गावाला माहीत असे.

१९२९ मध्ये सरकारने कुलाक ओळखायच्या खुणा ठरवल्या. मजूर लावतो का, गिरणी आहे का, यंत्र भाड्याने देतो का, व्यापार करतो का. डिसेंबर १९२९ मध्ये स्टालिनने जाहीर केलं की कुलाकांचा वर्ग म्हणून नायनाट करायचा. ३० जानेवारी १९३० ला पक्षाच्या वरिष्ठ मंडळाने ठराव केला. कुलाकांचे तीन गट पाडले. पहिल्या गटाला छावणी किंवा गोळी, दुसऱ्याला दूरच्या मुलखात हद्दपारी, तिसऱ्याला जिल्ह्यातच वाईट जमिनीवर. जिल्ह्याजिल्ह्याला आकडे दिले. १९३० आणि १९३१ या दोन वर्षांत सरकारी नोंदींप्रमाणेच अठरा लाखांहून अधिक माणसं घरदार सोडून उत्तरेला, उरालला, सायबेरियाला पाठवली गेली. मुलं, म्हातारी, सगळी.

आकडा ठरलेला असला की तो भरावा लागतो. दोन गाईंवाला कुलाक झाला. ज्याच्याकडे काहीच नव्हतं पण जो सामूहिक शेतीला नाही म्हणाला, त्याच्यासाठी नवा शब्द निघाला, 'पोदकुलाचनिक', म्हणजे कुलाकाचा साथीदार. या शब्दाला गाय लागत नव्हती, गिरणी लागत नव्हती. फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं. त्यानंतर १९३२-३३ चा दुष्काळ आला. युक्रेन, कझाकस्तान, कुबान, व्होल्गाकाठ, लाखो माणसं भुकेने गेली. पिकवणारीच माणसं.

मी फौजेतला माणूस आहे. फौजेत पहिला धडा असतो शत्रू कोण ते नीट ओळखण्याचा. त्याला गणवेश असतो, झेंडा असतो, हत्यार असतं. इथे शत्रू फक्त एका शब्दाने ओळखला जात होता, आणि तो शब्द कुणाला लावायचा हे लावणाराच ठरवत होता. गंमत नव्हे, पण नोंद घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्या वेळची लाल सेना बहुतांशी खेड्यातल्या मुलांचीच होती. त्यांना घरून पत्रं येत होती. बापाची गाय नेली, काकाला गाडीत घातलं. सैन्यातल्या अहवालांत त्या काळी 'शेतकरी मनोवृत्ती' ही धोक्याची खूण म्हणून लिहिली जाऊ लागली. ज्या सैन्याच्या नावात शेतकरी होता, तिथे मनात शेतकरी असणं हा संशयाचा मुद्दा झाला.

यानंतर क्रेस्त्यानिन हळूहळू मागे पडला. नवा शब्द आला 'कोल्खोझनिक', म्हणजे सामूहिक शेतीवरचा माणूस. डिसेंबर १९३२ मध्ये देशांतर्गत पासपोर्टची पद्धत सुरू झाली. शहरवाल्यांना पासपोर्ट मिळाला, कोल्खोझनिकांपैकी बहुतेकांना नाही. पासपोर्ट नाही म्हणजे गाव सोडून दुसरीकडे राहता येत नाही. सगळ्या कोल्खोझनिकांना पासपोर्ट द्यायचा निर्णय १९७४ मध्ये झाला. संत युरीचा दिवस बंद झाल्याला तेव्हा जवळपास चारशे वर्षं होत आली होती.

सोव्हिएत संघ संपता संपता, नोव्हेंबर १९९० मध्ये, रशियाने खासगी शेतीचा कायदा केला. त्याचं नाव मजेशीर आहे. 'क्रेस्त्यान्स्की' शेतीचा कायदा, आणि पुढे कंसात 'फार्मर' हा इंग्रजीतून आलेला शब्द. जुना शब्द एकटा पुरेना. तो ऐकला की लोकांना वेठ, दारिद्र्य, पुस्तकातला मुझिक आठवायचा. स्वतःची जमीन कसणारा स्वतंत्र माणूस, या अर्थासाठी परक्याचा आधार घ्यावा लागला. आज रशियात सुमारे एक चतुर्थांश लोक खेड्यांत राहतात. तरुणांच्या बोलीत 'कोल्खोझ' म्हणजे गावठी, भडक. आपल्याकडे शहरात 'गावठी' म्हणतात, तेच.

आपल्या शब्दांकडेही एकदा पाहू या, थोडक्यात. 'रयत' हा शब्द अरबीतून आला. मुळात राखलेला कळप, मेंढपाळाच्या ताब्यातली जनावरं. तिथून राजाची प्रजा, तिथून सारा भरणारा, तिथून रयतवारीतला कुळवाडी. आणि १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी तोच शब्द शिक्षण संस्थेला दिला, तेव्हा तो मानाचा झाला. 'कुणबी' हा शब्द संस्कृत 'कुटुंबिन्'वरून, म्हणजे घरसंसार असलेला. तोही कामाचा आणि घराचा शब्द होता, मग जातीच्या रकान्यात गेला. शब्दांना इकडेही तोच प्रवास घडला आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी 'जय जवान, जय किसान' म्हटलं, तेव्हा किसान हा शब्द जवानाच्या शेजारी उभा राहिला. आमच्या युनिटमध्ये बहुतेक जवान शेतकऱ्यांचीच मुलं. त्यांना ती घोषणा समजावून सांगावी लागत नसे.

तुम्ही राहता त्या राज्यात शेतकऱ्याला काय म्हणतात, ते जरा विचारून पाहा. कन्नड, तेलुगू, गुजराती, हिंदी, आपण मराठी माणसं या सगळ्यांच्या शेजारी राहतो. शब्द कुठून आला ते विचारा. तो शब्द शेतकरी स्वतःसाठी वापरतो, की फक्त सरकारी अर्जात येतो, तेही पाहा. कुणी शेतकऱ्यांसाठी नवा शब्द काढला, खरा शेतकरी आणि खोटा शेतकरी असे भाग पाडले, तर तो शब्द कुणाला लावायचा हे कोण ठरवणार, एवढं मात्र आधी विचारा. १९३० मध्ये रशियातल्या गावांत हा प्रश्न विचारायची सोय उरली नव्हती. आपल्याकडे ती आहे.

एवढं बोलून थांबतो. 

जय हिंद.